पार्श्वभूमी फिकट हवी

सानिकाने नकाशाची पार्श्वभूमी बदलून ‘उपग्रह’ केली, तेव्हा संगणकाच्या खोलीबाहेरचं अख्खं गाव वरून चेपलं गेलं. भिंती गेल्या, नुसती छपरं उरली. पारावरच्या लोकांची टकलं आणि टोप्या तेवढ्या जमिनीला चिकटून राहिल्या. खाली अंग नव्हतंच.

विज्ञान प्रदर्शनासाठी तिने तालुक्यातले बिबट्याचे हल्ले मांडले होते. सतरा हल्ले, सतरा लाल ठिपके. गेल्या वर्षी उत्तेजनार्थ मिळाल्यावर ती आठवडाभर रडली होती. यंदा पहिला नंबर, बास!

“फार गजबज आहे,” डुंबरे सर म्हणाले. “ठिपके म्हणजे डेटा. बाकी सगळ्याने गप्प बसायचं.”

तिने ‘रस्ते’ निवडलं. पिवळे रस्ते सुसाट सुटले, वाटेत येईल ते कापत. शाळेसमोरच्या मंदाकाकूंचं स्वयंपाकघर मधोमध चिरलं. काकू अलीकडे, लाटणं धरलेला हात पलीकडे. हात आपला लाटतच होता.

“सानू, आवर गं,” काकू म्हणाल्या. “तवा जळतोय.”

सानिका घाबरली, पण खोटं कशाला, मजाही आली.

मग ‘फिकट राखाडी’. ऊस मुळासकट उपटला गेला, घरं खरवडून निघाली, काकूंचे दोन्ही तुकडे पुसले गेले. सतरा ठिपके मात्र ओले झाले आणि त्यांतून वाफ निघू लागली.

सर खूश झाले. मग खिडकीपाशी गेले.

“ते काय राहिलंय?”

त्या कोऱ्या राखाडीत सानिकाची आई उभी होती. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. ऊसच नाही, तर बांध कुठला, घर कुठल्या बाजूला, हे तिला कळत नव्हतं.

“माझी आई आहे.”

“ते नको सांगू. नकाशावर दोनच गोष्टी असतात. डेटा की पार्श्वभूमी?”

पार्श्वभूमी म्हटलं तर आई पुसली जाणार. डेटा म्हटलं तर अठरावा ठिपका. सानिकाने मागे जायचं बटण शोधलं. तेही राखाडी झालं होतं, दाबलं जाईना. आईने लांबून हात हलवला, घरी कधी येतेस विचारावं तसा. तिचा हिरवा पदर कडेने विरायला लागला.

“डेटा,” सानिका म्हणाली, वर्गात पहिला हात वर करून उत्तर द्यावं तशी.

पदर पुन्हा हिरवागार झाला. सतरा ठिपके जमिनीवरून उठले, एका पिवळ्या पाठीवर जाऊन बसले आणि आईच्या दिशेने पळत सुटले. आईने भारा खाली टाकला आणि विळा मुठीत फिरवून घट्ट धरला.