स्पडच्या तोंडचं मुसकं

मी एक जुनं मुसकं आहे, मित्रांनो. कुत्र्याच्या तोंडावर बांधायचं, चामड्याचं. फुलदाणीकडे किंवा घड्याळाकडे लोक जसं कौतुकानं बघतात, तसं माझ्याकडे कुणी बघत नाही. मी दिसलो की लोक आधी माझ्या आत कुणाचं तोंड आहे का ते तपासतात, आणि नसलं की दोन पावलं पुढे येतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझा धंदाच तसा आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात गहू पेरायचा धीर जिथे संपतो आणि नुसत्या मेंढ्या उरतात, तिथल्या एका गावात लिंके नावाचा म्हातारा खोगिरं शिवायचा. खोगिरातून उरलेल्या चामड्याचं त्यानं मला केलं. पाच पट्ट्या, एक पितळी बकल, नाकापाशी मऊ अस्तर. "श्वास घेता आला पाहिजे, जीभ बाहेर काढता आली पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे," असं तो शिवताना स्वतःशीच पुटपुटायचा. "फक्त चावता येता कामा नये." माणसांच्या मापाचं असं काही तो शिवत नसे. पुढच्या आयुष्यात मला त्याची अनेकदा हळहळ वाटली.

मला विकत घेतलं मर्व ट्रेवार्थानं. मर्वच्या मेंढ्या हजारांनी होत्या आणि शब्द मोजके. त्याच्याकडे दीड वर्षाचा एक तांबूस केल्पी होता. लहानपणी तो मातीतून नुकत्याच काढलेल्या बटाट्यासारखा दिसायचा, म्हणून त्याचं नाव स्पड. तिकडे बटाट्याला स्पड म्हणतात. केल्पी म्हणजे मेंढ्या हाकायलाच जन्माला आलेला कुत्रा. स्पड वाडग्यात, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या कुंपणात, शिरला की खचाखच दाटलेल्या मेंढ्यांच्या पाठींवरून पळत पलीकडे जायचा आणि अडलेला कळप पुढे काढायचा. पण जोशात तो मेंढीला दात लावायचा. मेंढीला दात लागला की कातडं खराब, लोकर खराब, आणि मालकाचं तोंड त्याहून खराब. म्हणून मी.

वाडग्याच्या फाटकापाशी मला त्याच्या तोंडावर चढवायचे. काम संपलं की त्याच फाटकापाशी काढायचे आणि अडसराला अडकवायचे. मी चढलो की काम, मी उतरलो की सुट्टी. हे गणित स्पडला इतकं पक्कं कळलं होतं, की मला हातात घेतलेलं दिसताच तो शेपूट हलवत आपणहून नाक पुढे करायचा. स्वतःहून नाक खुपसणारा कुत्रा लाभणं हे आमच्या जमातीत मोठं भाग्य समजतात.

चांगली दोन वर्षं अशी गेली. मग एका संध्याकाळी शेजारचा आर्ची नोस्के आला. आर्चीला दुसऱ्याच्या कुंपणावर टेकून सल्ले द्यायची सवय होती. स्पड आपल्या झोपायच्या आडव्या पिंपापाशी जेवत होता. आर्चीनं बोलता बोलता पायानं त्याचं ताट सरकवलं. स्पडनं मान वर न करता घशातल्या घशात आवाज काढला. गुर्र. लांबलचक, खालच्या पट्टीतला.

आर्ची पाय मागे घेत म्हणाला, "मर्व, हा माणसावर गुरगुरला."

"ऐकलं मी."

"मग? ठेवणार याला? माझ्या बापानं असल्या कुत्र्याला दुसऱ्या दिवशीची न्याहारी घातली नसती."

आर्चीचा बाप फार कमी गोष्टींना न्याहारी घालायचा, पण या बाबतीत तो एकटा नव्हता. त्या भागात रीतच होती. मेंढीला चावणाऱ्या कुत्र्याला मुसकं, आणि माणसावर गुरगुरणाऱ्याला गोळी. ज्याचा कुत्रा त्यानंच घालायची, दुसऱ्यावर ढकलायची नाही.

मर्व त्या रात्री जेवला नाही असं त्याची बायको तेव्हा म्हणाली होती. त्याला स्पडला मारायचं नव्हतं. एवढ्यासाठीच, मित्रांनो, आणि हे नीट ध्यानात घ्या, केवळ त्या कुत्र्याचा जीव वाचावा म्हणून, त्यानं पाण्याच्या काळ्या पाइपाचा हातभर तुकडा कापला. मग तो स्पडच्या पुढ्यात ताट ठेवायचा आणि उचलायचा. हाड द्यायचा आणि काढून घ्यायचा. स्पड गुरगुरला की पाइप. पुन्हा गुरगुरला की पुन्हा पाइप. दहा दिवस हे चाललं. अकराव्या दिवशी हाड काढून घेतल्यावर स्पड गप्प उभा राहिला.

आर्ची मुद्दाम बघायला आला. त्यानं ताट चार वेळा सरकवलं.

"हूं नाही की चूं नाही! काय जादू केलीस रे?"

"जादू कसली. शिकवला."

त्या दिवशी मर्व खूश होता. मीही असतो, पण दुसऱ्या दिवशी मला स्पडच्या तोंडावर बांधलं, आणि कुणी गडी त्याच्या अंगावरून हात घालून फाटक उघडायला वाकला. माझी एक पट्टी त्याच्या घशालगत होती. आतली थरथर मला कळली. होती तशीच होती. गेला होता तो फक्त आवाज. हे मी कुणाला सांगणार? ज्याचं कामच तोंड बंद ठेवणं, त्यानं तोंड उघडावं असं कुणाला वाटत नाही.

पुढे स्पडचं नाव झालं. लांबून माणसं मर्वकडे पोरकट कुत्री घेऊन यायची. एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा मर्व त्यांना खुलून सांगायचा, "पहिलं म्हणजे गुरगुरणं मोडा. मग तो तुमचा." पाहता पाहता त्या भागातली निम्मी कुत्री अत्यंत सभ्य झाली. त्यांच्या मनात काय चाललंय हे कुणालाच कळेना, आणि यालाच लोक शिस्त म्हणू लागले.

नऊ वर्षं गेली. माझ्या पट्ट्यांना तडे गेले. एका मेंढ्यानं फाटकावर दाबल्यापासून स्पडचा मागचा एक खुबा दुखायचा. त्याला डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं. मर्वची बायको वारली. मुलगी रोवेना ॲडलेडला होती. ती वर्षातून एकदा, लोकर कातरणी संपायच्या दिवशी, आपल्या मुलीला घेऊन यायची. मुलीचं नाव पिपा, त्या वर्षी ती पाच वर्षांची होती.

शेवटची मेंढी उघडी होऊन शेडबाहेर पडली की तिकडे जेवण असतं. निखाऱ्यावर चॉप आणि सॉसेज, पाव, बर्फात बुडवलेली बीयर. कातरणारे पाठीचे कणे धरून बाकांवर बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. त्या दुपारी मर्वनं नेहमीसारखं मला फाटकापाशी उतरवलं आणि स्पडला मांडीचं एक अख्खं हाड दिलं. स्पड लंगडत पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत जाऊन बसला. माझ्यापासून वीस पावलांवर. मला सगळं दिसत होतं.

रोवेना म्हणाली, "बाबा, इतकी माणसं आहेत, पिपा इकडेतिकडे पळतेय. त्याला बांधा ना साखळीला. नाहीतर ते मुसकं तरी असू द्या."

"मुसकं? सुट्टीला?" मर्व चॉप उलटत म्हणाला. "अगं, महिनाभर राबलाय तो. तुला रविवारी ऑफिसात बसवलं तर चालेल?"

"बाबा, मी सरळ विचारतेय."

"मीही सरळ सांगतोय. त्याला कधी कुणावर गुरगुरताना ऐकलंयस तू? आयुष्यात?"

रोवेनानं आठवून पाहिलं. "नाही."

"मग झालं तर."

पिपा टाकीपाशी गेली. डाव्या बाजूनं. स्पडला ती ऐकूच आली नाही, एकदम दिसली. त्यानं हाड चावणं थांबवलं आणि तो दगडासारखा निश्चल झाला. ती वाकली. त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं. तिनं त्याच्या मानेला मिठी मारली. त्यानं जिभेनं स्वतःचं नाक चाटलं.

"बघा, पापा घेतोय म्हातारा!" बाकावरून एक कातरणारा ओरडला.

स्पडनं जांभई दिली.

"पिपा, तुझ्या गप्पांना कंटाळला बघ तो!" दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. कुणीतरी फोन काढून फोटो घेतला. त्या फोटोत स्पडच्या डोळ्यांची पांढरी कोर स्पष्ट दिसते. कुत्र्याला जेवढं सांगता येतं तेवढं त्यानं सांगितलं होतं. एकच गोष्ट त्यानं केली नाही, कारण ती करायची नाही असं त्याला शिकवलेलं होतं. पिपानं गाल त्याच्या गालाला लावला आणि दुसरा हात टेकवला, तो नेमका दुखऱ्या खुब्यावर.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. तिचा गाल डोळ्याखालपासून ओठापर्यंत उघडला. मर्वनं तिला टेबलावरच्या कापडात गुंडाळलं. तिकडे लांबच्या वस्त्यांवर डॉक्टर विमानानं येतात; ते विमान यायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ निखाऱ्यावरचं मांस जळत राहिलं आणि ते उतरवायचं कुणाला सुचलं नाही. स्पड टाकीखालून हलला नाही. हाडालाही त्यानं पुन्हा तोंड लावलं नाही.

त्या दुपारी "अचानक" हा शब्द मी अकरा वेळा ऐकला. अचानक चावला. काही कारण नसताना चावला. इतका गुणी कुत्रा, अचानक बिघडला.

दोन दिवसांनी कौन्सिलची, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेची, बाई कागद घेऊन आली.

"चावण्याआधी काही इशारा दिला होता त्यानं? गुरगुरला वगैरे?"

"नाही," मर्व म्हणाला. मग बराच वेळ पाइपाचा तो तुकडा जिथे ठेवलेला असायचा तिकडे बघत राहिला.

तिनं सांगितलं की दोन वाटा आहेत. उंच कुंपण, कायमचं मुसकं, मुलांपासून लांब, जाणकाराकडून तपासणी. किंवा दुसरी. "घाई करू नका, ट्रेवार्था. तुम्ही ठरवा." बाई भली होती. आर्ची कुंपणाला टेकलेला होता. तो म्हणाला, "ठरवायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्वनं मला अडसरावरून काढलं. स्पडनं मला पाहिलं, शेपूट हलवली आणि नाक पुढे केलं. कामाला निघालोय असं त्याला वाटलं. दुखऱ्या खुब्यावर जोर देऊन तो पहिल्याच उडीत पिकअपमध्ये चढला. कोरड्या ओढ्यापर्यंत वाऱ्यात तोंड धरून बसला होता. माझी पट्टी त्याच्या घशाला लागून होती. थरथर अजिबात नव्हती. मेंढ्या कुठे दिसत नाहीत एवढंच त्याला नवल वाटत होतं.

एक आवाज झाला. मर्वला नंतर माझं बकल सापडेना. अकरा वर्षं रोज काढलेलं बकल.

वर्ष उलटलं. कातरणीला रोवेना आली नाही. थंडीत आली, एका दिवसापुरती. पिपाच्या गालावर गुलाबी दोरी ओढल्यासारखा वण होता, आणि हसली की ती बाजू मागे राहायची. मी शेडच्या भिंतीवर खिळ्याला होतो. पिपा माझ्यासमोर उभी राहिली. मर्व दारात होता.

"आजोबा, हे स्पडचं ना?"

"हो."

"तो माझ्यावर गुरगुरला का नाही? आमच्या बाई म्हणाल्या, कुत्रे आधी गुरगुरतात. म्हणजे आपण लांब जायचं."

मर्व खाली एका पेटीवर बसला. "तो गुरगुरायचा. मी पाइपानं मारून त्याला बंद करायला लावलं."

"का?"

"गुरगुरणाऱ्या कुत्र्याला इथे मारून टाकतात. मला त्याला ठेवायचं होतं."

पिपानं त्यावर विचार केला. "म्हणजे चूक तुमची."

"माझी."

"मग त्याला का मारलंत?"

आर्ची असता तर त्याच्याकडे उत्तर असतं. मर्वनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मला तेवढंच येत होतं, बाळा."

"मग शिका की," पिपा म्हणाली.

मित्रांनो, मी चामड्याचा एक तुकडा. मला फार कळत नाही, पण जे कळतं ते नाकाजवळून कळलेलं आहे. कुत्रा जेवत असेल, झोपला असेल, कण्हत असेल, तर त्याला मिठी मारू नका. त्यानं तोंड फिरवलं तर तुम्हीही पाय फिरवा. तो तुमच्यावर गुरगुरला तर हात मागे घ्या, मोठ्यांना सांगा, आणि मोठे काठी शोधायला लागले तर काठी लपवा. माझ्यासारखं मुसकं घालावं लागलं तर लाजू नका, खाऊ देत देत हळूहळू घाला. पण मी दात झाकतो, मन झाकत नाही. तेवढं माझ्यावर सोडू नका.

आता मी मर्वच्या पिकअपमध्ये, आरशाखाली लटकतो. दर शनिवारी तो गावच्या मैदानावर जातो. तिथे एक तरुण बाई कुत्रेवाल्यांना शिकवते. पहिल्या दिवशी तिनं वही काढून विचारलं होतं, "नाव?"

"मर्व."

"कुत्र्याचं विचारतेय."

"कुत्रा नाही. एकटाच आलोय."

लोक हसले. मर्व मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. गेल्या शनिवारी एका शाळामास्तरचं झुबकेदार कुत्रं आपल्या चेंडूवर पाय ठेवून गुरगुरलं. मास्तरचा चेहरा लाल झाला. चार लोकांत शोभा! त्यानं पट्ट्याचं टोक गुंडाळून हात वर उचलला.

दिवसाला दहा शब्द बोलणारा मर्व सगळी रांग ओलांडून पुढे आला आणि त्यानं त्या माणसाचं मनगट धरलं.

"नका," तो म्हणाला. "त्याचं बोलून होऊ द्या."