नकाशात नसलेलं वळण

कौशल्या गेल्याचं मला सकाळी सात वाजता कळलं. वीज कंपनीला ते कळलं महिन्याभराने, अर्ध्या लकडगंज भागाची वीज गेल्यावर.

कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली आमची चहाची टपरी आहे. अकरा वर्षांपूर्वी तिथून एक लाख बत्तीस हजार व्होल्टची केबल जमिनीखालून टाकली, तेव्हा झाड तोडणार होते. माझी बायको कौशल्या झाडाला पाठ लावून बसली. मजुरांनी चर वळवून नेला. कंपनीच्या नकाशात मात्र केबल सरळच राहिली. त्यानंतर दोनदा बिघाड झाला. दोन्ही वेळा कंपनीचे साहेब नकाशा घेऊन आले आणि कौशल्याने पायाच्या अंगठ्याने जागा दाखवली. मी शेगडीपाशी होतो. मान वर करून पाहिलं नाही.

या वेळी इंजिनिअर अपूर्व साहेब आले. "काकू कुठायत?"

"वारली," मी म्हणालो.

"अरेरे. काही सांगून गेल्या का? म्हणजे, केबलचे तुकडे जोडलेत त्या जॉइंटबद्दल?"

केबलच्या टोकाला बिघाड शोधायचं मशीन लावलं. बिघाड तिथून एकशे ऐंशी मीटरवर निघाला. नकाशावर मोजलं, तर ते अंतर झाडाच्या बुंध्यात येत होतं.

"झाड काढावं लागेल," साहेब म्हणाले. "नकाशा मंजूर आहे."

"अन् जमिनीले कोण सांगन साहेब, का नकाशा मंजूर हाये म्हणून?" मुकादम देवराव म्हणाले.

"मग दुसरी जागा दाखवा."

कोणालाच माहीत नव्हती. करवत आली. मी सगळ्यांना चहा दिला, ग्लास विसळले, पाणी फेकायला वळलो आणि हात थांबला. त्या बाजूला पाणी फेकलं की कौशल्या ओरडायची, "अवो, तिकडे काहून फेकून राहिले? खाली जॉइंट हाये ना!" मला वाटायचं, हिला बोलायला काहीतरी लागतं.

"इथं खणा," मी म्हणालो.

जॉइंट तिथंच होता, जळलेला. पाच दिवसांनी वीज आली. झाड वाचलं.

मी साहेबांना म्हटलं, आता नकाशा दुरुस्त करा. त्यांनी मला कोरा अर्ज दिला. त्यावर माहिती देणाऱ्याची सही लागते.

"माहिती काकूंची. सही त्यांचीच लागेल."

"मी नवरा आहे तिचा."

"पण काका, तुम्हाला तर माहीत नव्हतं."

अर्ज साखरेच्या डब्याखाली ठेवला आहे. सही झालेली नाही. नकाशात केबल अजून झाडाखालून सरळ जाते.