गॅस कुठे जाईल हे सांगणारा मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण जुना म्हणून नाक मुरडू नका. रसायनांच्या कारखान्यात, सुरक्षा विभागाच्या खिडकीजवळ मी चौदा वर्षं ठाण मांडून आहे. टाकीतून विषारी गॅस सुटलाच तर तो कुठवर पसरेल, याचं गणित करून मी नकाशावर लाल डाग काढतो. म्हणून सगळे मला 'ज्योतिषी' म्हणत. मला त्याचा भारी राग येई. मी काय हात बघून सांगतो?

तरी कौतुक पुष्कळ झालं. पाहुणे आले की साहेब आधी मला दाखवत. धोक्याचा भोंगा झाला की कामगारांनी कुठे जमायचं, हेही माझ्याच शब्दावर ठरलं. फाटकाजवळची हिरवळ सुरक्षित आहे असं मी सांगितलं आणि छाती फुगवून बसलो.

मग विभागात नवी इंजिनीअर आली. तिला सगळे ताई म्हणत. एकदा माळीकाका तिला म्हणाले, "ताई, सकाळी हिरवळीवर वारा नसतोच. मी टाक्यांजवळच्या झाडांवर औषध मारतो ना, त्याचा वास उताराने येऊन तिथेच बसतो. तासभर हलत नाही."

ताई तडक छतावर गेली. वारा मोजायचं यंत्र तिथे होतं, आणि तिथे वारा मस्त भरभरत होता. इतकी वर्षं मला तोच वारा भरवला होता. आमच्या टाक्यांत क्लोरीन, आणि तो हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत सरपटतो, छतावर कशाला चढेल? ताईने पंधरा दिवस रोज सकाळी हिरवळीवर उभं राहून वारा मोजला, उतार मोजला आणि ते आकडे मला दिले. नवा डाग उमटला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्खी हिरवळ लाल होती. एकशे ऐंशी माणसांना मी मरणाच्या तोंडी उभं करत होतो.

साहेब वैतागले. "हा चौदा वर्षं एक सांगतो, आज दुसरंच. मी कोणतं खरं मानू?"

"गणित बरोबरच होतं, साहेब. वारा आपण चुकीचा दिला," ताई म्हणाली. "जमायची जागा बदलली नाहीत तर मी सुरक्षेच्या कागदावर सही करणार नाही. हवं तर मला काढून टाका."

साहेबांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी जागा बदलली. गोदामामागचा उंचवटा ठरला. दर सरावाला तो चढताना कामगार धापा टाकत आणि ताईच्या नावाने बोटं मोडत.

चार महिन्यांनी, वारा नसलेल्या एका सकाळी, क्लोरीनच्या नळीचा जोड सुटला. भोंगा झाला. बोटं मोडणारी सगळी मंडळी सवयीने उंचवटा चढली. ताईने एकेक नाव पुकारलं. मास्क लावून झडप बंद करायला गेलेले दोघे सर्वांत शेवटी वर आले, तेव्हा तिने त्यांच्या नावांपुढे खूण केली. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी माणसं हजर होती. मित्रांनो, आनंदाने माझा पंखा घरघरायला लागला, खोटं कशाला सांगू!

दुपारी साहेब आले आणि त्यांनी स्वतःच्या रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली. बरं वाटलं. पण तुम्ही माझ्यासारख्याची नुसती धूळ पुसू नका. आम्हाला जे द्याल त्याचंच आम्ही गणित करतो. म्हणून माणसं जिथे उभी राहणार, तिथे आधी स्वतः जाऊन उभे राहा, आणि मग आम्हाला आकडे द्या.

साहेबांनी खिडकी उघडली. बाहेर अख्खी हिरवळ क्लोरीनने पांढरीफटक पडली होती, मी नकाशावर लाल केली होती तेवढी. आणि त्या गवतावर एकाही माणसाचं पाऊल नव्हतं.