यादीत टोपी नाही

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. नाट्यगृह रिकामं, रंगमंचावर एकच दिवा. वरच्या तुळईवरून वाळूची गोणी सुटली आणि खाली उभ्या असलेल्या दोरीकाकांच्या डोक्यावर आदळली. त्या डोक्यावर मी होते.

मी बिलीकॉक बोलतेय. हसलात ना? हल्ली हे नाव कुणाला कळत नाही. लोकर वाफेत शिजवून, साच्यावर दाबून, लाख पाजून कडक केलेली, घुमटासारखी काळी टोपी म्हणजे मी. झाडांच्या फांद्यांपासून डोकी वाचावीत म्हणून आमची जात जन्माला आली. पुढे साहेबलोकांनी रुबाबासाठी उचलली. जमाना पालटला आणि मी नाटकाच्या कपडेपटात येऊन पडले. वकील, लबाड दलाल, बावळट जावई, सगळ्यांच्या डोक्यावर बसले. माणसं जन्मभर एकमेकांना टोप्या घालतात आणि बदनाम होतो आम्ही. चालायचंच.

दोरीकाका पडदे वरखाली करायचे. पडद्यांना वजन म्हणून वर टांगलेल्या गोण्यांचे दोर विरलेत, हे त्यांनी मॅनेजरना तीनदा सांगितलं. डोक्याला हेल्मेट मागितलं. मॅनेजर म्हणाले, "कपडेपटात टोप्यांचा ढीग पडलाय, घाला की एखादी!" सगळे खो खो हसले.

काकांची बायको कपडेपट सांभाळतात. सगळे त्यांना काकू म्हणतात. त्यांनी खरोखरच मला पेटीतून काढलं आणि आतून फडक्याची घडी शिवली.

"अहो, घाला. कडक आहे."

"लोक हसतील गं."

"हसू देत. हसण्यानं कुणाचं डोकं फुटत नाही."

दोन वर्षं मी त्या डोक्यावर होते. त्या दुपारी सोसवलं तेवढं सोसलं. पुरलं नाही. काका तिसऱ्या दिवशी गेले, शुद्धीवर न येताच. मॅनेजरनी जबाब दिला: माणूस नशेत होता, शिडीवरून पडला.

काका दारूच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. काकूंना आता एवढंच हवंय, 'नशेत' हा शब्द कागदावरून जावा. शिडीवरून पडलेल्याची टोपी कडेला चेपते. माझा माथा मधोमध खोल गेलाय आणि शिवणीत वाळू अडकलीय. काकूंना वाटलं, एवढं दाखवलं की झालं. त्यांनी मला फडक्यात बांधून चौकशीच्या कचेरीत नेलं.

कपडेपटात टोप्या शंभर. तिथं नुसतं टोपी म्हणून भागत नाही, म्हणून काकूंच्या तोंडी माझं नावच बसलेलं.

कारकुनानं मान वर केली नाही. "वस्तू काय?"

"बिलीकॉक."

"बिल... बरं. किती?"

"एकच."

"रंग?"

"काळा. मधे खड्डा पडलाय बघा, साहेब."

"बिलाला खड्डा!" तो पुटपुटला. गाठोडं न सोडताच त्यानं चिठ्ठी बांधली: 'बिल, एक, काळे, फाटके.'

महिन्याभरानं चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "टोपी होती म्हणता ना? आणा."

कारकुनानं बोट फिरवत यादी वाचली. "यादीत टोपी नाही, साहेब."

"अहो, ती काय कपाटावर!" काकू ओरडल्या.

"बाई, ते बिल आहे."

"बिल? अहो, माझ्या हातानं बांधलीय मी ती! सोडून तरी बघा!"

"यादीत नाही ते आम्हाला बघता येत नाही," अधिकारी म्हणाले, आणि पान उलटलं. 'नशेत' जिथल्या तिथं राहिलं.

पाच महिने झाले, मी त्याच कपाटावर आहे. मला पुन्हा कुणाच्या डोक्यावर मिरवायचं नाही. कुणीतरी फक्त गाठ सोडा. मला उजेडात उलटी करा आणि टेबलावर आपटा. जी वाळू पडेल, ती शिडीवर नव्हती.

माझ्या शेजारी नाट्यगृहाच्या फाटकावरची वही ठेवलीय. तिचं नाव मात्र यादीत अचूक आहे, तरी ती कुणी उघडलेली नाही. मॅनेजर जबाबात म्हणतात, 'सव्वातीनला मी स्वतः धावत गेलो, तेव्हा त्याच्या तोंडाला वास येत होता.' वहीत त्या दिवशीची त्यांची एकच सही आहे. आत आल्याची वेळ: सव्वापाच.