ताणलेली केबल

आमच्या पांढऱ्या गाडीची क्लच प्लेट दर दोन-अडीच वर्षांनी जळायची. त्यावरून मी ह्यांना, म्हणजे हिंमतरावांना, फार बोलले आहे. "तुमना पाय क्लचवरच झोपस का?" असं चारचौघांत विचारायची. कारखान्यातले सोबती हसायचे, हेही हसायचे. हे गेल्याला आता दहा महिने झाले.

मी चाळिशीत असताना ह्यांनीच मला पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या वसाहतीत हीच गाडी शिकवली. माझी उंची बेताची. सीट पुढे ओढून, पाठीला उशी लावूनही क्लच तळापर्यंत दाबला जात नसे. तरी वर्षभर चालवली. मग एकदा शहाद्याच्या बाजारात गाडी भर रस्त्यात बंद पडली. मागे ट्रॅक्टर खोळंबले, कुणीतरी बाईला खाली उतरवा म्हणालं. मी उतरले, ती कायमचीच.

पुढे दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की हे चाकाखाली लिंबू ठेवत, स्वतः डावीकडच्या सीटवर जाऊन बसत आणि किल्ली माझ्यासमोर धरत. मला ती चेष्टा वाटे. मी ताट उचलून घरात जाई. मग हे उठून उजवीकडे बसत आणि लिंबावरून गाडी नेत. वीस दसरे असे गेले.

आता माझा मुलगा कुंदन ती गाडी नंदुरबारला नोकरीवर नेतो. क्लच अगदी वर आल्यावर पकडतो, पाय उचलताना गुडघा स्टिअरिंगला लागतो, अशी त्याची तक्रार होती. म्हणून आम्ही नवलसिंगच्या गॅरेजात गेलो. गाडीचं सगळं काम पहिल्यापासून त्याच्याकडेच; ह्यांना तो आबा म्हणायचा. मी सोबत गेले, कारण ह्यांच्या पायाखालची वस्तू कुणी बदलू नये असं मला वाटत होतं.

नवलसिंगनं बॉनेट उघडलं आणि क्लचची केबल बोटानं दाबून बघितली.

"माय, हाई बिघाड नही शे," तो म्हणाला. "आबानीच केबल ताणी ठेवेल शे. मी सांगू, प्लेट जळी जाई. ते म्हनेत, तिना पाय पुरस नही. एक दिन ती चालवाले बसी."

दर दसऱ्याआधी हे केबल तपासून घ्यायला येत, असंही त्यानं सांगितलं. ह्यांचे पाय कुंदनसारखेच लांब होते. वीस वर्षं ह्यांचाही गुडघा लागला असणार.

कुंदन म्हणाला, राहू दे आई, मी सवय करून घेईन. मी त्याच्याकडून किल्ली मागितली आणि उजवीकडे बसले. गाडी सुरू करून पाय दाबला. अर्ध्या दाबातच क्लच सुटला, गिअर आवाज न करता पडला. माझा पाय पुरला. डावीकडची सीट रिकामी होती.

मी गाडी बंद करून उतरले.

"ढिली कर, भाऊ," मी नवलसिंगला म्हटलं. "पोरना गुडघा लागस."

त्यानं पाना लावला. मी शेजारी उभी राहून बघत होते. चार-पाच आट्यांचंच काम होतं.