सदतीस खड्डे

माझ्या भावाचा डोळा तुम्ही फोडलात, साहेब. काठी पोलिसाची, पण हुकूम तुमचा आणि खाली सहीही तुमचीच.

रोगट द्राक्षवेलींवर तुमच्या शेतकी खात्याच्या माणसांनी लाल फुल्या मारल्या, तेव्हा गाल्द्रिकनं, माझ्या भावानं, त्या मोजून घेतल्या. सदतीस वेली. आजोबांनी लावलेल्या, मांडीएवढ्या बुंध्यांच्या. तुमचं पत्र होतं, ईस्टरपर्यंत फुलीच्या वेली काढा, नाहीतर सगळा मळा आम्ही उखडू. त्यानं पहारीनं, कुदळीनं एकेक मूळ तोडून काढल्या. तळहातांची सालं निघाली. उरलेला मळा वाचावा, एवढंच त्याला हवं होतं.

ईस्टरच्या सोमवारी आम्ही मळ्यातच जेवतो. त्या दिवशी जाळ त्याच बुंध्यांचा होता. जाळीवर गोगलगायी फसफसत होत्या, शेजारचा म्हातारा सिप्रियां लसूण-तेल घोटत होता. गाल्द्रिकच्या हातात लांब दांड्याचं लोखंडी नरसाळं. ते विस्तवात लाल करायचं, आत डुकराची चरबी टाकायची, म्हणजे बुडातून पेटती चरबी गोगलगायींवर टपकते.

तेवढ्यात तुमचा अधिकारी आला. मागे दोन पोलीस आणि बुलडोझर.

"फुलीचे बुंधे दाखवा."

"हे काय, जळतायत," गाल्द्रिक म्हणाला.

"म्हणजे पुरावा नाही."

"पुराव्यावर जेवण शिजतंय. बसा, तुम्हीपण खा."

सिप्रियां खिदळला. "बसा हो. तुमच्या ऑफिसापेक्षा या गोगलगायी चपळ, भाजल्या तरी."

अधिकाऱ्याचे कान लाल झाले. "बुंधे मोजून घ्यायचे, असं लिहिलंय. बुंधे नाहीत, म्हणजे वेली काढल्याच नाहीत."

"अहो, मग खड्डे मोजा ना," मी म्हटलं. "उघडेच आहेत. त्या बांधापलीकडे, चाळीस पावलांवर."

"खड्ड्यांचं हुकमात काही नाही." त्यानं बुलडोझरला हात केला.

वेलींची पहिली ओळ बरगड्या मोडाव्यात तशी मोडली. गाल्द्रिक हातातल्या नरसाळ्यासकट धावला आणि बुलडोझरपुढे उभा राहिला. अधिकाऱ्यानं मागून त्याची कॉलर ओढली. नरसाळं कललं, पेटती चरबी अधिकाऱ्याच्या बाहीवर सांडली, बाही पेटली. मग पहिली काठी गाल्द्रिकच्या मनगटावर, दुसरी डोळ्यावर. तो पडला तरी काठ्या थांबेनात. मारणाऱ्या दोन पोलिसांतला फेरेओल आमच्याच गावचा.

"फेरेओल, याच मळ्यात जेवलायस रे तू."

त्यानं कोपर हाणलं. माझे दोन दात मातीत पडले. मी विस्तवावरची लालभडक जाळी उचलली आणि त्याच्या मानेवर मारली. मारली, नाकारत नाही. तिच्या तारांचे वण त्याच्या मानेवर आहेत आणि माझ्या तळहातांवरही.

संध्याकाळी एकही वेल उभी नव्हती. बुलडोझरनं खड्डेही सपाट केले.

आता तुमचा कागद आलाय. वेली काढल्याचा पुरावा जागेवर आढळला नाही, आणि गाल्द्रिकनं अधिकाऱ्याला जिवंत जाळायला पाहिलं. उरलेल्या एका डोळ्यानं तो हे तुरुंगात वाचतोय.

मला तुमची माफी नको, नवी रोपं नकोत. तुमचा माणूस बांधापर्यंत चाळीस पावलं का चालला नाही? याचं उत्तर द्या. लेखी द्या, आणि खाली तीच सही करा.