एकतिसावा प्रश्न

आमच्या धाकट्या भावोजींचा परिचय वाचून दाखवायला अधीक्षकांना अकरा मिनिटं लागली. त्यानंतर भावोजी स्वतः बोलले ते नऊ मिनिटं. मी घड्याळ लावूनच बसले होते. आधी इलेक्ट्रॉनिक्स, मग भाषाशास्त्र, मग तत्त्वज्ञान, मध्येच दोन वर्षं विमा कंपनीत आकडेमोड, पुढे मेंदूविज्ञान, तोंडी लावायला संगीतातली पदविका, आणि सरतेशेवटी कृत्रिम बुद्धिमत्ता. "असे बहुआयामी संशोधक आपल्या रुग्णालयाला लाभले," असं म्हणून अधीक्षकांनी कागद उलटला, तर मागच्या बाजूलाही मजकूर होता.

मी त्यांना अष्टपैलू म्हणते. सासूबाईंना या सगळ्या पदव्या क्रमाने पाठ आहेत आणि नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्या ऐकाव्या लागतात. दिवा गेला की मात्र त्या माझ्या नवऱ्याला हाक मारतात. माणसाला एक विषय धड जमला नाही की तो दुसरा धरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. सात विषय धरले म्हणजे सहा सुटले.

मी एकच गोष्ट शिकले. पक्षाघाताने ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलतं करायचं. बावीस वर्षं तेच करतेय, तळमजल्यावरच्या खोलीत, एक टेबल, तीन खुर्च्या आणि वस्तूंनी भरलेला एक पत्र्याचा डबा. किल्ली, चमचा, कुलूप, कंगवा. डब्यातून एक वस्तू काढायची, विचारायचं, "हे काय?" आणि मग तोंड बंद ठेवायचं. माझं सगळं कसब त्या तोंड बंद ठेवण्यात आहे. शब्द आत कुठेतरी असतो, त्याला वर यायला वेळ लागतो. मी मनात आकडे मोजते आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही.

सुतारकाकांचा शब्द पंधराच्या आसपास यायचा. उजवा हात लुळा, तोंड जरा वाकडं, पण नजर शाबूत. त्यांची बायको शेजारच्या खुर्चीत स्वतःच्या तोंडावर हात दाबून बसायची. "माझ्या तोंडून निघून जातं हो ताई, चाळीस वर्षांची सवय," असं तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. एकदा मी मुद्दाम घरून छोटी करवत आणली. सोळाव्या आकड्याला काका म्हणाले, "करवत." मग जरा थांबून म्हणाले, "बोथट." बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

तर अष्टपैलूंचं यंत्र आलं ते असं. आमच्याकडे जागा नऊ आणि वाट बघणारे चाळीस. कोणाला उपचारांचा उपयोग होईल हे यंत्र सांगणार. आमच्या खोलीत आवाज टिपायची डबी बसवली. यंत्र ते ऐकणार आणि शंभरपैकी गुण देणार. पेशंट चाळीस गुणांच्या खाली गेला की त्याचे उपचार बंद, जागा पुढच्याला. समितीने माना डोलावल्या. इतका मोठा परिचय ऐकल्यावर नाही कोण म्हणणार?

त्याआधी, यंत्र बनवताना, भावोजींनी मला पेशंटांबद्दलच्या साठ प्रश्नांचा तक्ता पाठवला होता. साठ! मी तो जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात दहा मिनिटांत भरून टाकला.

मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अष्टपैलू कामात गर्क, म्हणजे डोळ्यात थेंब घालायला मीच. दहा दिवसांची रजा काढली. परत आले तर सुतारकाकांच्या वेळेला खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका बसलेल्या. टेबलावर पत्राची प्रत होती. सुतारकाकांचे गुण सहा. उपचार बंद.

मी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. भावोजी काचेच्या खोलीत दोन पडद्यांसमोर बसले होते.

"सहा?" मी म्हटलं. "माझ्यासमोर बोललेला माणूस आहे तो. ऐकवा मला काय ऐकलंय तुमच्या यंत्राने."

त्यांनी लावलं. माझा आवाज आला, "हे काय?" लगेच पुन्हा माझाच, "हे काय?" मग पुन्हा. मी एखाद्या उलटतपासणीच्या वकिलासारखी विचारत सुटले होते आणि समोर कोणी नव्हतंच.

"काकांची उत्तरं कुठायत?"

"प्रश्नानंतर तीन सेकंदांत आवाज आला नाही तर उत्तर नाही असं धरलंय," ते म्हणाले. "पुढचा भाग कापला जातो. वहिनी, माणसं एरवी एका सेकंदाच्या आत उत्तर देतात. मी तिप्पट धरले."

मग मी त्यांना सोडलं नाही. बावीस वर्षांचं नाही, पण लग्न होऊन या घरात आल्यापासूनचं सगळं काढलं. भाषाशास्त्र शिकलात, मेंदू शिकलात, संगीत शिकलात, आणि माणूस गप्प आहे म्हणजे तो संपला, एवढंच कळलं? रस्त्यावरच्या माणसालाही कळतं की अडखळणाऱ्याला वेळ द्यावा. तुमच्या पदव्या एकावर एक ठेवून त्यांच्यावर उभं राहिलात ना, तरी माझ्या खोलीतल्या डब्याएवढी उंची येणार नाही. शेजारच्या खोलीतल्या दोन मुली काचेतून बघत होत्या. मला बरं वाटत होतं.

खणातून एक कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. माझाच तक्ता होता, कोपऱ्यावर आमटीचा डाग. प्रश्न एकतीस, उत्तरासाठी किमान किती सेकंद थांबावे? खाली माझं अक्षर होतं. "पदव्या सात आहेत ना, तुम्हीच ठरवा."

"जेवतानाही विचारलं होतं," ते म्हणाले. "पेशंटना किती वेळ लागतो म्हणून. तुम्ही म्हणालात, तुमच्या परिचयापेक्षा कमी."

म्हणाले होते. सगळे हसले होते, माझा नवरासुद्धा. सासूबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. मला स्वतःची शिसारी आली. मी फक्त एक आकडा लिहायचा होता.

भावोजींनी तीस सेकंदांचा हिशेब लावून मूळ आवाजावर यंत्र पुन्हा चालवलं. काकांचे गुण आले एकसष्ट. ते तसेच उठून अधीक्षकांकडे गेले आणि चूक आपली आहे असं सांगून आले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण जागा दिलेली होती, शिक्षिकाबाईंना हाकलायचं कसं? समिती पुन्हा बसणार तीन महिन्यांनी.

मी तिथूनच काकांच्या घरी फोन लावला. बायकोने उचलला.

"बोलत नाहीत हो आता," ती म्हणाली. "पत्र त्यांनीच वाचलं. वाचता येतं ना त्यांना."

"ते पत्र चुकीचं आहे, काकू. फोन त्यांच्या कानाला लावा. आणि हातात काहीतरी द्या, घरातलं काहीही."

तिकडे जरा खुडबुड झाली. श्वास ऐकू यायला लागला.

"काका, मी बोलतेय. हातात काय आहे?"

मी मोजायला लागले. पंधरा गेले, वीस गेले. भावोजी समोर उभे होते, तेही मोजत असावेत, त्यांचे ओठ हलत होते. तीस गेले. पन्नासपर्यंत नुसता श्वास. मग फोन सरकल्याचा आवाज आला.

"किल्ली आहे, ताई," काकू म्हणाल्या. "आता मीच सांगत जाते त्यांचं सगळं."